रिपोर्ट नॉर्मल, तरी मूल नाही: वीर्य तपासणीवरून पुढचे उपचार कसे ठरवायचे

वर्षभर कोणतंही साधन न वापरता नियमित संबंध आहेत. पाळी वेळेवर येते, सोनोग्राफीत बीज फुटताना दिसतं, एचएसजीत म्हणजे गर्भनलिकांच्या एक्स-रेत दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत आणि वीर्याच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ असा शेरा आहे. अशा जोडप्याच्या फाइलवर डॉक्टर ‘अनएक्स्प्लेन्ड इन्फर्टिलिटी’ लिहितात. नेहमीच्या तपासण्यांमध्ये कारण सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ते न सापडण्यामागे बऱ्याचदा एक साधी गोष्ट असते. बाईच्या सोनोग्राफ्या महिनोन्‌महिने चालतात, रक्ताच्या डझनभर तपासण्या होतात, कधी दुर्बिणीचं ऑपरेशनही होऊन जातं. पुरुषाची मात्र एकच तपासणी होते, तीही घाईत आणि घराजवळच्या लॅबमध्ये. सासरची मंडळी सुनेला एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात नेत असतात आणि मुलाच्या रिपोर्टकडे पुन्हा कोणी बघत नाही. म्हणून पुरुषाची तपासणी विश्वासार्ह पद्धतीने कशी करून घ्यायची, रिपोर्ट कसा वाचायचा आणि त्यावरून पुढचा निर्णय कसा घ्यायचा, हे इथे क्रमाने दिलं आहे. नाशिक शहर आणि जिल्ह्यातली जोडपी डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं आहे.

वाचताना एक प्रश्न सतत जवळ ठेवा: ‘या तपासणीचं उत्तर काहीही आलं तरी आमचा उपचार तोच राहणार आहे का?’ तसं असेल तर ती तपासणी करू नका.

पायरी १: जुना रिपोर्ट भरवशाचा आहे का ते बघा

नवी तपासणी करण्याआधी हातातला कागद नीट वाचा. चांगल्या रिपोर्टवर शेवटच्या वीर्यपतनानंतर किती दिवस गेले, नमुना किती वाजता दिला, तपासणी किती वाजता सुरू झाली आणि नमुना पूर्ण होता की काही भाग सांडला, हे लिहिलेलं असतं. या चार नोंदी नसतील तर खालच्या आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही.

मग ‘नॉर्मल फॉर्म्स’ म्हणजे आकाराने निर्दोष शुक्राणूंची टक्केवारी बघा. आजच्या काटेकोर निकषांप्रमाणे ४ टक्के निर्दोष असले तरी पुरेसं मानतात, आणि प्रत्यक्षात बहुतेक पुरुषांचे आकडे एक अंकी किंवा फार तर दहाच्या थोडे वर असतात. रिपोर्टवर ‘नॉर्मल फॉर्म्स ७० टक्के’ छापलं असेल तर लॅबने जुने सैल निकष वापरलेत, किंवा रंग देऊन स्लाइड बघितलेलीच नाही. अशा रिपोर्टवरचा ‘नॉर्मल’ शेरा धरून पुढे जाऊ नका.

आणखी काही खुणा. संदर्भमूल्य म्हणून ‘२० मिलियनच्या वर’ छापलं असेल तर ते जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या पुस्तिकेतलं आहे. त्यानंतर २०१० ची पाचवी आणि २०२१ ची सहावी आवृत्ती येऊन गेली. हालचालीचे आकडे ६०, २०, २० असे गोल असतील तर मोजणी अंदाजाने झालेली असू शकते. काळजीपूर्वक काम करणारी लॅब किमान २०० शुक्राणू मोजते, तेही दोनदा, आणि दोन मोजण्यांत जास्त फरक आला तर पुन्हा मोजते. ‘पस सेल्स ८-१०’ असं लिहिलं असेल तर पेशी ओळखण्यासाठी रंग वापरला होता का, ते विचारा. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली कच्च्या शुक्रपेशी आणि पांढऱ्या पेशी सारख्याच गोल दिसतात, आणि त्या गैरसमजातून कित्येक पुरुष महिना-महिना अँटिबायोटिक्स घेत राहतात. रंग देऊन खात्री केल्यावर १ मिलीमध्ये १० लाखांपेक्षा जास्त पांढऱ्या पेशी असतील, तरच संसर्गाचा विचार करायचा.

पायरी २: तपासणीची वेळ निवडा

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. मग ते अंडकोषामागच्या नळीतून प्रवास करत पक्व होतात, त्यात आणखी काही दिवस जातात. म्हणजे आजच्या नमुन्यात मागच्या तीन महिन्यांचा हिशेब दिसतो. डेंग्यू, चिकनगुनिया, टायफॉइड किंवा कोणताही जोराचा ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबून तपासणी करा. लगेच करायचीच असेल तर तापाची तारीख लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. पावसाळ्यानंतरच्या खराब रिपोर्टमागे पुष्कळदा एवढंच कारण निघतं.

वीर्यपतनाशिवाय किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस जायला हवेत. दहा-बारा दिवस थांबलं तर संख्या फुगलेली दिसते, पण जुन्या आणि मेलेल्या शुक्राणूंचं प्रमाणही वाढतं. आम्ही ३ दिवस सुचवतो, आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला तेवढेच दिवस ठेवायला सांगतो. एकदा २ आणि एकदा ७ दिवस ठेवून दिलेले दोन रिपोर्ट एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

एकाच पुरुषाचे आकडे एका महिन्यात दुपटीने वर-खाली होऊ शकतात. पहिला रिपोर्ट खराब किंवा काठावरचा आला तर किमान एका महिन्याच्या अंतराने दुसरा करा. शक्य असेल तर त्याच लॅबमध्ये.

पायरी ३: नमुना कसा द्यायचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या सहज टाळता येतात.

शक्यतो लॅबमध्येच नमुना द्या. जाण्याआधी फोन करून स्वतंत्र, आतून कडी लागणारी खोली आहे का, हात धुवायची सोय आहे का, पत्नीला सोबत येता येईल का, हे विचारा. काही ठिकाणी सगळ्यांच्या वापराचं स्वच्छतागृहच दाखवतात. तिथे संकोचामुळे नमुना अपुरा येतो आणि रिपोर्ट विनाकारण बिघडतो. तपासणी कोणत्या वेळात सुरू करतात, तेही विचारा. नमुना दिल्यावर तो पातळ व्हायला १५ ते ३० मिनिटं लागतात आणि तपासणी तासाभराच्या आत सुरू व्हायला हवी. ‘सकाळी देऊन जा, टेक्निशियन दुपारी येतील’ असं उत्तर मिळालं तर दुसरी लॅब शोधा.

आधी लघवी करून घ्या. हात आणि लिंग साबणाने धुवा, साबण पूर्ण निघून जाईपर्यंत पाण्याने धुवा आणि कोरडं करा. लॅबने दिलेल्या रुंद तोंडाच्या निर्जंतुक डबीतच हस्तमैथुनाने नमुना घ्या. थुंकी, खोबरेल तेल, क्रीम, बाजारातलं वंगण यांपैकी काहीही वापरू नका, त्यांनी हालचाल मंदावते. साधा कंडोम अजिबात चालत नाही. त्याचं रबर आणि त्यावरचं द्रव्य शुक्राणूंना मारक असतं. हस्तमैथुन जमत नसेल किंवा धर्माच्या कारणाने नको असेल तर या कामासाठी बनवलेले विनाविषारी कंडोम मिळतात, त्यांची मागणी आधी नोंदवा. संबंधादरम्यान ऐन वेळी बाहेर काढून डबीत घेण्याची पद्धत टाळा, कारण पहिले थेंब हमखास निसटतात आणि सर्वाधिक शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात. थोडं जरी सांडलं तरी सांगा, आणि सुरुवातीचं सांडलं की शेवटचं तेही सांगा. लाजून गप्प राहिलात तर ‘संख्या कमी’ असा खोटा शिक्का बसेल.

घरून आणायचाच असेल तर अर्ध्या तासात, फार तर एका तासात डबी लॅबच्या हातात पडली पाहिजे. इंदिरानगर किंवा सिडकोतून गंगापूर रोडला येताना वाटेतली कोंडी धरून वेळ मोजा. येवला, नांदगाव, कळवण, सुरगाणा इथून घरचा नमुना वेळेत पोचणार नाही, तिथल्यांनी नाशिकला येऊनच द्यावा. तापमान २० ते ३७ अंशांच्या मध्ये राहायला हवं. निफाडच्या डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे पारा दहाच्याही खाली उतरतो. तेव्हा डबी मोटरसायकलच्या डिकीत ठेवली तर शुक्राणू गारठतात आणि हालचाल कमी दिसते. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत उलटा प्रकार होतो. डबी उभी धरून शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. फ्रिज, बर्फ किंवा गरम पाणी यांचा विचारही करू नका. डबीवर नाव, तारीख आणि नमुना घेतल्याची वेळ आपल्या हाताने लिहा.

पायरी ४: आकडे वाचायला शिका

२०२१ च्या पुस्तिकेतली खालची मर्यादा अशी आहे. वीर्य १.४ मिली. १ मिलीमध्ये १.६ कोटी शुक्राणू. संपूर्ण नमुन्यात मिळून ३.९ कोटी. एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारी हालचाल ३० टक्के, जिवंत शुक्राणू ५४ टक्के, निर्दोष आकार ४ टक्के. सामू म्हणजे पीएच ७.२ किंवा जास्त. रिपोर्टवर आकडे मिलियनमध्ये असतात, १ मिलियन म्हणजे १० लाख.

हे आकडे कुठून आले ते समजून घेतलं तर उगाच घबराट होत नाही आणि खोटा दिलासाही मिळत नाही. ज्या पुरुषांच्या जोडीदाराला वर्षभरात गर्भ राहिला, अशा बाप होणाऱ्या पुरुषांचे नमुने घेतले, आणि त्यांतल्या सर्वांत खालच्या ५ टक्क्यांच्या रेषेवर मर्यादा आखली. म्हणजे त्या बापांपैकी शंभरातले पाच या रेषेखालीच होते. रेषेच्या थोडं खाली असणं म्हणजे नापास नाही आणि थोडं वर असणं म्हणजे मूल होण्याची हमी नाही.

आता एक हिशेब स्वतः करा, कारण अनेक लॅब तो छापत नाहीत. वीर्याचं प्रमाण गुणिले १ मिलीतली संख्या गुणिले पुढे सरकणाऱ्यांची टक्केवारी. समजा वीर्य २.५ मिली, संख्या मिलीला २.४ कोटी आणि पुढे सरकणारे ४० टक्के. एकूण ६ कोटी, त्यांतले २.४ कोटी पुढे जाणारे. हे उत्तम आहे. आता दुसरा रिपोर्ट घ्या: १.४ मिली, मिलीला १.६ कोटी, ३० टक्के. तिन्ही आकडे सुटे बघितले तर मर्यादेवर बसतात आणि लॅब ‘नॉर्मल’ लिहून मोकळी होते. पण गुणाकार केला तर एकूण संख्या २.२४ कोटी भरते, म्हणजे ३.९ कोटींच्या बरीच खाली, आणि पुढे जाणारे जेमतेम ६७ लाख. हे जोडपं ‘कारण न सापडलेलं’ नाहीच. इथे पुरुषाकडची कमतरता समोर आहे आणि उपचाराची दिशा तिच्यावरून ठरायला हवी.

वीर्य दीड मिलीपेक्षा बरंच कमी असेल तर आधी नमुना सांडला होता का ते आठवा. सांडला नसेल आणि सामूही आम्लधर्मी असेल तर वीर्यवाहक मार्गातल्या अडथळ्याची शंका घेतात. मधुमेही पुरुषात वीर्य उलटं मूत्राशयात जातं का, हे वीर्यपतनानंतरची लघवी तपासून कळतं. हालचाल ४० टक्क्यांखाली असेल तर न हलणारे जिवंत आहेत की मेलेले, हे इओसिनचा रंग देऊन बघायला सांगा. शुक्राणू एकमेकांना चिकटून गठ्ठे झाल्याची नोंद असेल तर प्रतिपिंडांसाठी ‘मार’ चाचणी करतात. गठ्ठे नसतील तर या चाचणीवर पैसे घालू नका.

पायरी ५: पुरुषाला डॉक्टरांनी हात लावून तपासायला हवं

स्त्रीरोगतज्ज्ञ वीर्याचा कागद बघतात, पुरुषाला तपासत नाहीत. त्यासाठी वंध्यत्वाचं काम करणारे मूत्ररोगतज्ज्ञ किंवा अँड्रोलॉजिस्ट म्हणजे पुरुषांच्या प्रजननाचे तज्ज्ञ गाठा. उभं करून, जोर करायला लावून, हाताने तपासल्यावर अंडकोषाभोवतीच्या फुगलेल्या शिरा म्हणजे व्हेरिकोसील लक्षात येतं. सर्वसाधारण पुरुषांत ते सुमारे १५ टक्क्यांत असतं, मूल होत नाही म्हणून आलेल्यांत ३५ ते ४० टक्क्यांत. हाताला न लागणारं, फक्त डॉपलर सोनोग्राफीत दिसणारं व्हेरिकोसील असेल तर ऑपरेशनची घाई करू नका, त्याने फायदा होत नाही.

डॉक्टरांना कामधंदा सविस्तर सांगा. अंबड-सातपूरच्या फोर्जिंग, फाउंड्री किंवा हीट ट्रीटमेंटच्या खात्यात भट्टीसमोर आठ तास उभं राहणं, महामार्गावर ट्रकच्या तापलेल्या केबिनमध्ये दिवस काढणं, यात अंडकोषांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंड राहता येत नाही. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या द्राक्षबागायतदारांनी फवारणीचं वेळापत्रक सांगावं. ऑक्टोबर छाटणीनंतर दोन-तीन महिने फवारण्या एकामागून एक चालतात, आणि त्या काळाचा हिशेब जानेवारी-फेब्रुवारीच्या नमुन्यात दिसू शकतो. प्रत्येक औषध शुक्राणूंना मारतं असं नाही. पण शेतीच्या रसायनाने शुक्राणू पार नाहीसे होऊ शकतात हे १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी या सूत्रकृमिनाशकाच्या कारखान्यातल्या कामगारांवरून सिद्ध झालं. मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरा, फवारणीनंतर लगेच अंघोळ करा आणि ते कपडे वेगळे धुवा. फवारणीचं काम तीन महिने दुसऱ्याकडे सोपवून पुन्हा तपासणी करता आली तर सर्वांत चांगलं.

जिममध्ये घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं किंवा ‘मास’साठीच्या गोळ्या लपवू नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू अंडकोषांना काम थांबवायला सांगतो आणि संख्या शून्यावरही येऊ शकते. ‘पुरुषशक्ती’ म्हणून कोणी हे इंजेक्शन देऊ केलं तर साफ नकार द्या. गुटखा, तंबाखू, सिगारेट, दारू, केसांसाठीच्या गोळ्या, घेतलेली भस्मं, लहानपणी झालेलं हर्नियाचं किंवा न उतरलेल्या अंडकोषाचं ऑपरेशन, गालगुंडाच्या वेळी सुजलेला अंडकोष, हे सगळं सांगा.

पायरी ६: पुढची तपासणी, म्हणजे मुख्यतः डीएनए फ्रॅगमेंटेशन

इथवर सगळं नीट केलं आणि तरीही रिपोर्ट खरोखर चांगला आला, तर ‘डीएफआय (डीएनए फ्रॅगमेंटेशन इंडेक्स) करून घ्या’ असा सल्ला मिळतो. साधी वीर्य तपासणी शेकड्यांत होते, ही हजारांत जाते, म्हणून आधी समजून घ्या. शुक्राणूच्या डोक्यात गुंडाळलेल्या डीएनएचे धागे किती टक्के शुक्राणूंमध्ये तुटलेले आहेत, हे ती मोजते. संख्या आणि हालचाल उत्तम असूनही हे तुटणं जास्त असू शकतं.

तज्ज्ञ संस्थांचं यावर एकमत नाही. युरोपातल्या प्रजनन तज्ज्ञांच्या ‘एश्रे’ संस्थेने २०२३ च्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे की वीर्य तपासणी नॉर्मल असेल तर डीएनए फ्रॅगमेंटेशन करू नये. युरोपातल्याच मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना मात्र वारंवार गर्भपात होणाऱ्या आणि कारण न सापडलेल्या जोडप्यांत ती करायला सांगते. अमेरिकेतली मार्गदर्शिका पहिल्या फेरीत नको म्हणते आणि वारंवार गर्भपातांत विचार करायला सांगते. आमचं मत असं: सरसकट करू नका. पुढीलपैकी काही असेल तर करा. दोन किंवा जास्त गर्भपात, तीन-चार आययूआय (धुतलेलं वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) चांगल्या शुक्राणूसंख्येने करूनही अपयश, आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबी) भ्रूण तिसऱ्या दिवसानंतर वाढायचे थांबणं, हाताला लागणारं व्हेरिकोसील, पुरुषाचं वय चाळिशीच्या पुढे, किंवा सोडता न येणारी तंबाखू. यांपैकी काही नसेल आणि पत्नी तिशीच्या आत असेल तर तेच पैसे आययूआयसाठी ठेवा.

करायचं ठरलं तर लॅबला दोन गोष्टी विचारा. पहिली, पद्धत कोणती. एससीएसएमध्ये फ्लो सायटोमीटर हजारो शुक्राणू मोजतो. एससीडी किंवा ‘हॅलो’ चाचणीत टेक्निशियन सूक्ष्मदर्शकाखाली डोक्याभोवतीचं वलय बघून काही शे मोजतो. वलय मोठं असेल तर डीएनए शाबूत, वलय छोटं किंवा नसेल तर तुटलेला. ट्युनेल आणि कॉमेट या आणखी दोन. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या मर्यादेशी ताडायचा नसतो. एससीएसएमध्ये साधारण १५ टक्क्यांखाली चांगला आणि ३० टक्क्यांवर जास्त मानतात, मधला भाग संदिग्ध. दुसरी, नमुना नाशिकमध्येच तपासणार की गोठवून मुंबई-पुण्याला पाठवणार. पाठवणार असतील तर किती वेळात गोठवतात आणि कशात पाठवतात ते विचारा, कारण तासन्‌तास खोलीच्या तापमानाला पडून राहिलेल्या नमुन्यात आकडा आपोआप चढतो.

आकडा जास्त आला तर लगेच इक्सीकडे, म्हणजे एकच शुक्राणू थेट बीजात टोचण्याच्या पद्धतीकडे, धावू नका. तंबाखू-सिगारेट बंद, ताप येऊन गेला असेल तर वाट बघणं, संसर्ग सिद्ध झाला असेल तर त्याचा उपचार, हाताला लागणाऱ्या व्हेरिकोसीलचं ऑपरेशन. शिवाय दिवसाआड वीर्यपतन, म्हणजे साठून राहिलेले जुने शुक्राणू निघून जातात. तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने, तेवढेच दिवस थांबून पुन्हा मोजा. पत्नीचं वय ३७-३८ च्या पुढे असेल तर मात्र हे तीन महिने थांबायचं की नाही, हे तिच्या एएमएचवर (बीजांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) आणि वयावर डॉक्टरांशी बोलून ठरवा. तिचा वेळ पुरुषाच्या आकड्यापेक्षा मोलाचा असतो.

‘अँटिऑक्सिडंट’च्या महागड्या पुड्यांबद्दल. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्या डोळे उघडणाऱ्या आहेत. ‘मॉक्सी’ चाचणीत अँटिऑक्सिडंट घेणाऱ्या पुरुषांचं वीर्य किंवा डीएनए सुधारला नाही. झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या, दोन हजारांहून जास्त जोडप्यांवरच्या चाचणीत मुलं जास्त झाली नाहीत, उलट डीएनए तुटण्याचं प्रमाण गोळ्या घेणाऱ्यांत किंचित वाढलेलं आढळलं.

एक दुर्मीळ पण महत्त्वाची गोष्ट कॅटस्परची. शुक्राणूच्या शेपटीत कॅल्शियम आत घेणारी ‘कॅटस्पर’ नावाची वाट असते. ती बंद असेल तर शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली छान पोहतात, रिपोर्ट नॉर्मल येतो, पण बीजाचं कवच भेदायला लागणारा शेवटचा जोरकस फटका त्यांना मारता येत नाही. जर्मनीतल्या म्युन्स्टरमधल्या संशोधकांनी हा दोष कारण न सापडलेल्या पुरुषांत दाखवून दिला. अशा पुरुषांत नैसर्गिक गर्भ, आययूआय आणि साधं आयव्हीएफ तिन्ही फसतात, इक्सी यशस्वी होऊ शकते. ही चाचणी अजून नेहमीच्या लॅबमध्ये रुळलेली नाही. पण चांगल्या संख्येने केलेल्या साध्या आयव्हीएफमध्ये एकही बीज फळलं नाही, तर अशा दोषाचा संशय घ्या आणि पुढची फेरी इक्सीने करा.

पायरी ७: आकड्यांवरून उपचार

पत्नी तिशीच्या आत, प्रयत्नांना दीड-दोन वर्षांपेक्षा कमी काळ, दोघांचेही रिपोर्ट भक्कम: सहा महिने नैसर्गिक प्रयत्न करणं हाही उपचारच आहे. पाळीच्या मधल्या आठवड्यात दिवसाआड संबंध ठेवा.

त्यानंतरची पायरी म्हणजे क्लोमिफेन किंवा लेट्रोझोलच्या गोळ्यांसह आययूआय. न्यूझीलंडमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कारण न सापडलेल्या जोडप्यांत अशा गोळ्यांसह तीन आययूआयनंतर ३१ टक्क्यांना मूल झालं, नुसती वाट बघणाऱ्यांत ९ टक्क्यांना. आययूआय आधी एकदा ‘ट्रायल वॉश’ करून घ्या, म्हणजे वीर्य धुतल्यावर किती हलणारे शुक्राणू हाती लागतात ते कळतं. ५० लाखांहून जास्त मिळाले तर आययूआय करणं योग्य. त्याखाली यश घसरत जातं, आणि १० लाखांच्या आसपास असेल तर आययूआयवर महिने घालवू नका. प्रत्येक आययूआयच्या दिवशी धुतल्यानंतरची संख्या कागदावर लिहून मागा. तीन वेळचे हे आकडे कोणत्याही महागड्या चाचणीइतकी माहिती देतात, आणि बहुतेक जोडप्यांच्या फाइलमध्ये नेमके तेच नसतात. तीन-चार फेऱ्यांनंतर थांबा.

आयव्हीएफची वेळ आली आणि वीर्य चांगलं असेल, तर ‘इक्सीच करू, खात्रीशीर’ या सल्ल्यावर प्रश्न विचारा. व्हिएतनाममध्ये १०६४ जोडप्यांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, संख्या आणि हालचाल नॉर्मल असताना इक्सीने ३५ टक्के आणि साध्या आयव्हीएफने ३१ टक्के जोडप्यांना मूल झालं. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. मधला मार्ग असा: बीजं पुरेशी मिळाली तर अर्धी साध्या पद्धतीने आणि अर्धी इक्सीने फळवायची. एकही बीज न फळण्याचा धोका टळतो, आणि शुक्राणूंच्या क्षमतेची चाचणीही आपोआप होते.

दवाखाना निवडताना

२०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याप्रमाणे आययूआय करणाऱ्या आणि आयव्हीएफ करणाऱ्या दोन्ही प्रकारच्या केंद्रांना नोंदणी लागते. कॉलेज रोड असो की नाशिक रोड, नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागा. वीर्य कुठे धुतात, ते तिथेच की बाहेरच्या लॅबमध्ये, डबीवरचं नाव तुमच्यासमोर पडताळतात का, हे विचारा. दात्याचं वीर्य तुमच्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही. कोरे संमतिपत्र सही करून देऊ नका, मराठीत समजावून मागा. ‘मुलगाच होईल असे शुक्राणू वेगळे करून देतो’ असं कोणी सांगितलं तर तिथून उठून या. पीसीपीएनडीटी कायद्याखाली तो गुन्हा आहे.

शेवटची व्यवहाराची गोष्ट. देवळालीच्या तोफखान्यात असलेले जवान, लांबच्या फेऱ्यांवर जाणारे चालक, आखातात नोकरीला असलेले पुरुष आययूआयच्या दिवशी हजर असतीलच असं नाही. काहींना त्या दिवशीच्या ताणामुळे नमुना देताच येत नाही. अशांनी आधीच एक-दोन नमुने गोठवून ठेवावेत. वितळवल्यावर हालचाल बरीच कमी होते, अनेकदा निम्म्यावर येते. म्हणून गोठवल्यानंतर एक छोटी कुपी वितळवून हलणारे किती उरतात ते मोजायला सांगा, आणि तो आकडा ५० लाखांच्या खाली असेल तर आणखी नमुने साठवा किंवा आययूआय पुरुष सुट्टीवर येईल त्या महिन्यावर ढकला.